पेवाच्या तोंडाशी

अण्णांनी बत्तीस वर्षं हरिपूरची पेवं उघडली.
तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, पोट खोलीएवढं,
आत उसाचं पाचट, पाचटाच्या आत हळद,
हळदीवर वर्ष-दोन वर्षांचा अंधार.

हळद जागची हलायची नाही.
हलायची ती पावती.
सांगलीच्या पेठेत, रुमालाखाली बोटं दाबून,
या हातातून त्या हातात.
घेणाऱ्यानं मालाचं तोंड पाहिलेलं नसायचं,
पाहिलेलं असायचं फक्त देणाऱ्याचं.

पेव उघडायची रीत होती.
फरशी काढायची, रात्रभर तसंच ठेवायचं,
मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा.
ज्योत जगली तर माणूस उतरेल.
विझली तर शेठ असो की शेठचा बाप,
थांबायचं.

एका साली भाव चढला होता, शेठना घाई होती.
कंदील विझला.
तेल संपलं असेल, शेठ म्हणाले.
नेमगोंडा मगदूम उतरला.

हळद उत्तम निघाली. अण्णा अजून सांगतात,
मोडली की केशरी, बोटाला तीन दिवस रंग.
ओल नाही, कीड नाही, तोलात गुंजभर कमी नाही.
तरी पुढच्या हंगामात त्या शेठच्या पावतीला
रुमालाखाली दोन बोटं कमीच पडली.
कुणी काही बोललं नाही.
नेमगोंडाचं नावसुद्धा निघालं नाही.
पेठेला दया आली असं मी म्हणणार नाही.
पेठेनं एवढाच हिशोब केला:
आज जो कंदिलाशी खोटं बोलला
तो उद्या पावतीशी बोलेल.

मी पुण्यात पैसे सांभाळते. माझे नव्हेत.
पोस्टमनांची पेन्शन, नर्सांचा फंड.
कुपवाडला आलेय
सुवर्णरेखा कास्टिंग्जची पावती घ्यावी का, ते बघायला.
अहवाल गुळगुळीत. पान बेचाळीस: 'जबाबदार नागरिक'.
रोप एक, झारी एक, झारीला हात लावलेले संचालक पाच.
शाळेला बाक, दवाखान्याला पंखे.
पंख्याच्या पात्यांवर कंपनीचं नाव,
फिरताना वाचता येत नाही,
बंद पडला की येतं.
अपघात: शून्य.

पुढच्या गेटवर फळ्यावर माझं स्वागत होतं, आडनाव चुकवून.
मी रिक्षा मागच्या गेटला घ्यायला लावली.
तिथं रेहाना मुजावरचा चहाचा गाडा
आणि खिळ्याला अडकवलेली उधारीची वही.
शीतल उपाध्ये: रोज दोन चहा, एक क्रीमरोल.
मार्चनंतर पान कोरं.
'ह्याचं काय झालं?'
'भट्टीपाशी. उजवा हात.'
तिनं गाळणी आपटून चोथा टाकला.
'कंत्राटाचा हुता वो.
कंत्राटाच्या माणसाला कागदावर हात नसत्यात.'

दुपारी थंडगार खोली, बशीत काजू.
मी विचारलं, शून्य म्हणजे नेमके किती?
वित्ताधिकारी हसले. माणूस गोड.
'मॅडम, तो आमच्या पटावरच नव्हता.
आणि नफा अठरा टक्क्यांनी वर आहे.'
आहे. मी तपासलाय.
मोडला की केशरी.

संध्याकाळी हरिपूरला गेले.
पेवं पुरानं गिळली, आता शीतगृहं आहेत,
त्यांच्या दारांना आकडे, आत दिवे.
अण्णा संगमाच्या पायरीवर बसून होते,
वारणेचं गढूळ पाणी कृष्णेत शिरताना बघत.
'घेटलीस का पावती?'
'कंदील सोडलाय.'
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, 'दोर पुरंल न्हवं तुझा?'

रात्री मी माझ्या अहवालात लिहिलं, दोन बोटं कमी.
आणि का, ते एका ओळीत. त्या ओळीत शीतलचं नाव.
सकाळी शेअर चार रुपयांनी वर होता.
साहेबांचा फोन वाजत राहिला.

मी घाई केली नाही.
फरशी काढून
एकच रात्र झाली होती.